वरच्या काठाचे औषध, खालच्या काठाचे पाणी

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे हजारो भाविक वैनगंगेत स्नान करतात. तेथे नदी क्षणभर मागे वळून उत्तरवाहिनी होते, आणि म्हणूनच ते स्थान पवित्र मानले गेले. त्या भाविकांच्या ओंजळीत येणाऱ्या पाण्याचा प्रवास नागपूरकरांनी एकदा नकाशावर बोट ठेवून तपासावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या शहराचे सांडपाणी नाग आणि पिवळी या नद्यांतून कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेत विसर्जित होते. ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात विसावते आणि पुढे पवनी, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, मार्कंडा, आष्टी असे करीत चपराळ्याजवळ वर्धेला भेटते. वर्धा चंद्रपूरच्या झरपट आणि इरई या नद्यांचे पाणी घेऊन आलेली असते. दोघींची मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीला आलिंगन देते. ज्या घाणीला आपण शहराबाहेर घालविले असे समजतो ती कोठेच नाहीशी होत नाही. ती फक्त आपल्या दृष्टीआड जाते, आणि आपल्या दृष्टीआड जे असते ते कोणाच्या तरी दाराशी असते.

या सांडपाण्याच्या दुर्गंधीविषयी आणि त्यातील जलपर्णीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही हा लेख पहिल्या पानावर देत आहोत तो ज्याला रंग, गंध वा फेस काहीच नाही अशा एका प्रदूषणासाठी. ते प्रदूषण म्हणजे औषधांचे. आपण घेतलेली गोळी शरीरात काम करून संपते, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. मधुमेहासाठी घराघरांतून घेतले जाणारे मेटफॉर्मिन जवळजवळ जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. अनेक प्रतिजैविकांचा मोठा भागही असाच निसटतो. सांडपाणी शुद्ध करणारी आपली केंद्रे मळ आणि सेंद्रिय द्रव्ये खाणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या भरवशावर चालतात, आणि ते काम ती चोख करतात. परंतु काही औषधी रेणूंची घडण अशी चिवट असते, की हे जंतू त्यांना तोंडही लावत नाहीत. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन हे त्याचे ठळक उदाहरण होय. १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात हेच कार्बामाझेपिन आणि मेटफॉर्मिन सर्वांत अधिक ठिकाणी आढळणाऱ्या औषधांत निघाले. आपल्या नगरीतील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे 'नीरी'च्या, संशोधकांनीही येथील सांडपाणी केंद्रात आणि तलावांत औषधांचे अंश शोधून काढले आहेत. तेव्हा ही कहाणी परदेशाची आहे, असे म्हणून कोणालाही सुटका करून घेता येणार नाही.

इतक्या सूक्ष्म अंशांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या अरण्यानेच एकदा देऊन ठेवले आहे. १९९० च्या दशकात गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर दीड दशकात शंभरातील नव्याण्णवांहूनही अधिक नष्ट झाली. हा कोणता साथीचा रोग, याचा शोध बराच काळ चालला आणि २००४ मध्ये उलगडा झाला, की तो रोग नव्हताच. गुराढोरांच्या दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. २०२३ मध्ये त्याच्या भावंडांपैकी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन यांवरही ती आली. गडचिरोलीच्या वनविभागाला गिधाडांसाठी निर्विष मांसाची 'उपाहारगृहे' मांडावी लागली, आणि २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या केंद्रातून दहा गिधाडे आणून ताडोबाच्या जंगलात पुन्हा वसविण्याचा प्रयत्न करावा लागला. गिधाडाने ते विष मांसातून खाल्ले, पाण्यातून नव्हे, हे आम्ही विसरत नाही. पण माणसाच्या सोयीसाठी घडविलेले औषध माणसाच्या हिशेबाबाहेर गेले की ते काय करील हे आधी सांगता येत नाही, हा धडा तर पक्का आहे. तेच डायक्लोफेनॅक माणसांसाठी आजही सर्रास वापरात आहे, आणि सांडपाणी केंद्रातून त्याचा बराचसा भाग न बदलता पुढे जातो.

याहूनही गंभीर गोष्ट प्रतिजैविकांची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत जे काम केले ते साऱ्या जगाने वाखाणले. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रिया नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेऊ लागल्या. जंतुदोष दिसताच जेंटामायसिनसारखे साधे, स्वस्त औषध टोचू लागल्या, आणि ३९ गावांतील नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो वृत्तांत छापला. या यशाचा पाया कोणता? सेवाभाव आणि शिक्षण तर खरेच, परंतु ते साधे औषध अजून लागू पडत होते, हाही त्याचा पाया आहे. प्रतिजैविकांचे सौम्य अंश सतत मिळत राहिले, की पाण्यातील जंतू निर्ढावतात आणि तो निर्ढावलेपणा आपल्या जातभाईंना वाटतात, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. औषधांचा अविचारी वापर हे या संकटाचे मुख्य कारण असले तरी सांडपाणी ही त्याची दुसरी वाट आहे. नागपुरात एक औषध लागू पडेनासे झाले तर आपण महागडे दुसरे घेऊ. भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या पाड्यावरील आईला तो पर्याय कोण देणार? ज्यांच्यापर्यंत औषध वेळेवर पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत औषधाचे सांडपाणी मात्र न चुकता पोहोचावे, हा न्याय कोणता?

या प्रश्नावर विज्ञानाने जे उपाय पुढे आणले आहेत त्यांत प्रारणाचा उपाय आमच्या मते विशेष विचारार्ह आहे. त्याचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत अथवा कोबाल्ट-६० या धातूचे गॅमा किरण पाण्यातून गेले, की वाटेतील पाण्याचे काही रेणू फुटतात. त्यांतून हायड्रॉक्सिल मूलक नावाचे अत्यंत हावरे कण निर्माण होतात. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतकेही नसते, परंतु तेवढ्यात जो सेंद्रिय रेणू समोर येईल त्याचा लचका ते तोडतात. सुटे झालेले इलेक्ट्रॉनही हेच काम दुसऱ्या रीतीने करतात आणि डायक्लोफेनॅकसारख्या रेणूतील क्लोरीन वेगळा काढतात. ज्या रेणूला जंतू शिवत नाहीत तो असा तुकड्यातुकड्यांनी मोडतो. पाण्यात बाहेरून कोणतेही रसायन घालावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

'किरण' हा शब्द उच्चारताच सुशिक्षित घरांतूनही भुवया उंचावतात. त्या भीतीला हसण्याचे कारण नाही, तिला उत्तर दिले पाहिजे. या प्रक्रियेने पाणी किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात ठेवलेले धान्य जसे उन्हाचे दिवे होऊन चमकत नाही, तसेच हे. इलेक्ट्रॉन झोताच्या यंत्रात तर किरणोत्सर्गी द्रव्यच नसते. विजेची कळ बंद केली की झोत बंद. कोबाल्टचे तसे नाही. तो रात्रंदिवस तेवत असतो आणि म्हणून त्याला जाड भिंतींचा बंदोबस्त व कडक देखरेख लागते. परंतु त्याचाही अनुभव आपल्याला नवा नाही. तुर्भ्याच्या 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होत आले. लासलगावला २००२ मध्ये कांद्यासाठी असेच केंद्र उभे राहिले. बडोद्यास सांडपाण्याचा गाळ किरणांनी निर्जंतुक करण्याचे काम १९९० च्या दशकात सुरू झाले, आणि अहमदाबादेत दिवसाला शंभर टन सुका गाळ हाताळणारे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर उभारण्यात आले. गाळ निर्जंतुक करणे आणि पाण्यातील औषध मोडणे ही कामे एक नव्हेत. परंतु यंत्र, माणसे आणि शिस्त आपल्या देशात आहेत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पाण्याच्या बाबतीत इतर देश पुढे गेले आहेत. दक्षिण कोरियातील दैगू येथे २००५ मध्ये कापडरंगाईचे दिवसाला एक कोटी लिटर सांडपाणी इलेक्ट्रॉन झोताखालून जाऊ लागले. चीनमधील ज्यांगमेन येथे २०२० मध्ये त्याच्या तिप्पट क्षमतेचे केंद्र सुरू झाले. प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील टाकाऊ द्रव्यांवर आणि रुग्णालयांच्या सांडपाण्यावरही त्या देशाने हे तंत्र वापरून पाहिले आहे.

आता थोडा हिशेब करू. अग्रलेखात आकडेमोड रुक्ष वाटते, परंतु आकड्यांवाचून केलेली मागणी पोकळ असते. प्रारणाची मात्रा 'किलोग्रे' या परिमाणात मोजतात. एक किलोग्रे म्हणजे दर लिटर पाण्याला हजार जूल ऊर्जा. तिने ते पाणी पाव अंशाहूनही कमी तापते. औषधांचे सूक्ष्म अंश मोडण्यास स्वच्छ पाण्यात एखाददोन किलोग्रेच्या आसपासची मात्रा बहुधा पुरी पडते. दोन किलोग्रे धरले, तर हजार लिटरांस अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा होते. यंत्रातील नाश जमेस धरून आपण एक युनिट वीज म्हणू. पाचशे खाटांचे रुग्णालय, खाटेमागे दिवसाला ४५० लिटर या प्रचलित मानकाप्रमाणे, सव्वादोन लाख लिटर पाणी वापरते. म्हणजे रोजची सव्वादोनशे युनिटे. एवढी वीज कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला जड नाही. हाच हिशेब शहराला लावला, तर मात्र चित्र पालटते. नागपूरचे सांडपाणी दिवसाला पन्नास कोटी लिटरांच्या घरात आहे. त्यासाठी रोज पाच लाख युनिटे आणि दैगूसारखी पन्नास केंद्रे लागतील. तेव्हा संपूर्ण नाग नदी किरणांनी धुऊन काढू, असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या उपायाच्या आणखीही मर्यादा आहेत, आणि त्या झाकणे हे समर्थकाचे काम नव्हे. पाणी गढूळ असेल तर ते हावरे मूलक औषधाऐवजी मळावरच खर्ची पडतात. पाण्यातील बायकार्बोनेटही त्यांना गिळतात. म्हणून आधी नेहमीचे शुद्धीकरण नीट झालेच पाहिजे. किरण हे त्याला पर्याय नव्हेत, ती त्यानंतरची पायरी होय. मात्रा अपुरी पडली तर औषध अर्धवट मोडते, आणि ते तुकडे कधी मूळ रेणूइतकेच उपद्रवी असू शकतात. त्यामुळे औषध नाहीसे झाले एवढे पाहून भागत नाही, उरलेले पाणी निरुपद्रवी झाले की नाही हेही तपासावे लागते. दहा लक्ष व्होल्टच्या झोतातील इलेक्ट्रॉन पाण्यात जेमतेम चार मिलिमीटर शिरतो. म्हणून पाणी पातळ पडद्यासारखे पसरावे लागते. यंत्राची किंमत मोठी आणि ते चालविणारा तंत्रज्ञ दुर्मिळ. शिवाय बहुतेक गोळ्या रुग्णालयात नव्हे, घरीच घेतल्या जातात, हेही विसरता येत नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांना सूक्ष्म प्रदूषके काढण्याची सक्ती केली तेव्हा ओझोन आणि सक्रिय कोळसा हेच उपाय मुख्यतः पुढे आले. शहराच्या मोठ्या प्रवाहासाठी आपणासही कदाचित तेच सोयीचे ठरतील. जेथे औषधांचे प्रमाण दाट आणि पाणी थोडे, अशा रुग्णालयाच्या आणि औषध कारखान्याच्या मोरीशी किरणांचा उपयोग करावा, एवढीच आमची मर्यादित सूचना आहे.

या मर्यादेत राहूनच आम्ही काही स्पष्ट मागण्या करतो. पहिली मागणी मोजण्याची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नेहमीच्या तक्त्यात प्राणवायूच्या मागणीला, आम्लतेला, कोलिफॉर्म जंतूंना रकाने आहेत, औषधांना नाहीत. कन्हानच्या मुखाशी, गोसीखुर्दच्या खाली, मार्कंड्यास आणि सिरोंच्यास वर्षातून चार वेळा पाणी घेऊन निवडक दहा-बारा औषधांसाठी ते तपासावे. ज्या शहरात 'नीरी' १९५८ पासून उभी आहे त्या शहराला हे अशक्य आहे असे कोण म्हणेल? दुसरी मागणी प्रयोगाची. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि 'नीरी' यांनी मिळून विदर्भातील एका मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या सांडपाण्यावर इलेक्ट्रॉन झोताचे छोटे प्रात्यक्षिक केंद्र चालवावे, शेजारी ओझोनाचे व कोळशाचेही चालवावे, आणि दोन वर्षांनी तिघांचा खर्च आणि गुण जाहीर करावा. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये आणि गडचिरोलीचे २०२४ मध्ये सुरू झाले. जुन्या इमारतींच्या नळांचा गुंता सोडविण्यापेक्षा नव्या इमारतींत रुग्णालयाचे सांडपाणी आरंभापासून वेगळे ठेवणे किती सोपे! तिसरी मागणी आपल्याच नगराकडे. नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राची संमती मिळाली आहे. एवढा खर्च होत असताना शेवटच्या पायरीसाठी जागा आणि नळ आजच राखून ठेवावेत. भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्रास देण्याची दूरदृष्टी ज्या शहराने दाखविली त्याला हे सुचविण्याची गरज पडू नये.

कायद्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती असावे, याची मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या मर्यादा गळून पडल्या होत्या. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे २००७ मध्येच जगाला कळले होते. तो प्रवाह त्या काळी मांजरेवाटे गोदावरीच्याच खोऱ्यात येत होता. असे असता या मर्यादा का गाळल्या, हे जनतेला समजले पाहिजे. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या निर्देशात सूक्ष्म प्रदूषके काढण्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्यांवर टाकला. ज्याने नफा घेतला त्याने मोरी धुवावी, हे तत्त्व आपल्या खेड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ते राजधानीतच विसरले जाते.

सर्वच भार सरकारवर टाकून नागरिकाने मोकळे व्हावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वैद्याने न सांगता घेतलेले प्रतिजैविक, तीन दिवसांनी बरे वाटले म्हणून अर्धवट टाकलेला क्रम, आणि दिवाळीच्या साफसफाईत मोरीत ओतलेल्या जुन्या बाटल्या, हे सारे त्याच नदीत जाते. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडे येथून घरोघरची न वापरलेली औषधे परत गोळा करण्याचा उपक्रम आरंभिला. नागपूरच्या औषध विक्रेत्यांना आणि महापालिकेला तो का जमू नये? जे औषध पाण्यात गेलेच नाही ते मोडण्यास कोणताही किरण लागत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या माणसाला आजवर पुष्कळ काही न विचारता दिले गेले आणि त्याहून अधिक न विचारता नेले गेले. कोळसा, बांबू, वीज, पाणी आणि आता लोखंड, ही यादी लांब आहे. प्रात्यक्षिक केंद्र तेथे उभारायचे ठरले तर नदीकाठच्या ग्रामसभांना ते यंत्र काय आहे, त्यात काय असते आणि काय नसते, हे त्यांच्या भाषेत, मराठीप्रमाणेच गोंडी आणि माडियातही, आधी सांगितले पाहिजे, आणि त्यांच्या शंका पुऱ्या ऐकल्या पाहिजेत. मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट चालवून वनाधिकाराचा कायदा समजून घेतला आणि २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळविला. त्या मातीतील माणसाला हायड्रॉक्सिल मूलक समजणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी त्या गावी एकदा जाऊन बसावे.

विज्ञानाने आपल्याला गोळी दिली आणि आयुष्य वाढविले. तेच विज्ञान आता त्या गोळीचा मागे उरलेला हिशेब चुकता करण्याचे साधनही पुढे करीत आहे. ते साधन परिपूर्ण नाही, स्वस्त नाही, आणि एकटे पुरेसेही नाही. परंतु ते तपासूनही न पाहणे हा आळस आहे, आणि ज्याचा भुर्दंड दुसऱ्याला भरावा लागतो तो आळस साधा उरत नाही, तो अन्याय होतो. पुढल्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या घाटावर कोणी भाविक ओंजळ भरून घेईल तेव्हा त्या पाण्यात नागपूरने काय सोडले आहे, हे निदान आपल्याला ठाऊक असावे. तेवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.